वैशाख आला तरी हिवाळी केस न गाळणारी गाय : पारोळा तालुक्यातील एक नमुना प्रकरण

लाळ खुरकूत होऊन गेलेल्या काही जनावरांना पुढचा उन्हाळा सोसत नाही. त्यांचे केस झडत नाहीत, लांब वाढत राहतात आणि ऊन चढले की ती धापा टाकू लागतात. जगभरच्या पशुवैद्यकीय साहित्यात हे दुखणे नोंदवलेले आहे. आपल्याकडे मात्र अशा गायीवर खरूज, जंत नाहीतर ‘उष्णता’ म्हणून उपचार होत राहतात आणि उन्हाळा निघून जातो. अशा गायींत नेहमी दिसणारे चित्र इथे एका गायीवर मांडले आहे आणि मोजमापे त्या चित्राला धरून घेतली आहेत.

गाय आणि तक्रार

गाय होल्स्टीन संकरित, काळी-पांढरी, तिसऱ्या वेताची. सप्टेंबरात व्यायली. नोव्हेंबरपर्यंत दिवसाला १२ लिटर दूध होते, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ते ६ लिटरवर आले. छातीच्या घेराच्या टेपने वजन ३७० किलो. गोठ्यात तिच्याशिवाय एक संकरित गाय, एक म्हैस आणि बैलजोडी. गोठा पत्र्याचा, पश्चिमेकडून उघडा. चारा म्हणजे दादर ज्वारीचा कडबा, थोडा हिरवा मका, हरभऱ्याचे कुटार आणि सरकी ढेप.

मालकाचे अहिराणीतले म्हणणे एवढेच : “चारा खास, पन दूध देस नही, दिनभर धापस.” म्हणजे चारा खाते, पण दूध देत नाही, दिवसभर धापते. केसांबद्दल त्यांनी काही सांगितले नव्हते. तो विषय निघाला दोन्ही गायी शेजारी उभ्या केल्यावर. दुसऱ्या गायीचे अंग गुळगुळीत, चकचकीत होते. हिच्या मानेवर, पाठीवर आणि बरगड्यांवर बोटाच्या पेराएवढे केस होते, निस्तेज आणि टोकाला वळलेले. काळा रंग उन्हाने तांबूस पडला होता. केसाळपणा मोजण्यासाठी ऑस्ट्रेलियात १९६० मध्ये मांडलेली १ ते ७ अशी श्रेणी आहे. त्यात १ म्हणजे अगदी आखूड, अंगाला चिकटलेले केस आणि ७ म्हणजे लोकरीसारखे. शेजारची गाय २ मध्ये बसते, ही ६ मध्ये.

आधीचे उपाय विचारून घेणे फार गरजेचे असते. इथे गोचिडनाशक तीनदा फवारले होते, जंताच्या गोळ्या दोनदा दिल्या होत्या आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून पाठीला इंजिनचे जळके तेल चोळले होते. गोचिडनाशक आणि गोळ्यांनी फरक पडला नाही. तेलाने मात्र नुकसान केले. गायीला प्रत्येक केसाच्या मुळाशी घामाची एक ग्रंथी असते. तेलाच्या थराखाली घाम उडून जात नाही, म्हणजे आधीच तापलेल्या गायीचा थंड होण्याचा उरलासुरला मार्गही बंद होतो. शिवाय गाय ते तेल चाटते.

केस कशाने गळतात

हिवाळी केस उन्हाच्या चटक्याने गळतात अशी समजूत आहे. मुख्य इशारा असतो तो दिवसाच्या लांबीचा. खानदेशात डिसेंबरच्या अखेरीस दिवस सुमारे ११ तासांचा असतो, जूनमध्ये तो सुमारे १३ तास २० मिनिटांचा होतो. हा फरक डोळ्यांवाटे मेंदूला कळतो. दिवस वाढू लागला की रात्री पाझरणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचा काळ आखडतो आणि मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते. त्या इशाऱ्यावर त्वचेतली केसांची विसावलेली मुळे जागी होतात, खालून नवा आखूड केस उगवतो आणि जुना सुटतो. ऑस्ट्रेलियात यीट्स यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गायींना ऋतूच्या उलटा प्रकाश दिला, तेव्हा त्यांच्या केसांचे चक्रही उलटे फिरले.

केस बदलणे हे शरीरासाठी खर्चाचे काम आहे. उत्तर प्रशांत महासागरातला हत्ती-सील तर त्यासाठी सुमारे महिनाभर किनाऱ्यावर पडून राहतो, काही खात नाही आणि केसांबरोबर कातडीचा वरचा थरही सोलून टाकतो. नवे केस उगवायला त्वचेत ऊब आणि रक्ताचा पुरवठा लागतो. थंड पाण्यात राहून ते जमत नाही, म्हणून तो जमिनीवर येतो. गायीचे काम सावकाश, आठवडेच्या आठवडे चालते. आधी मान आणि पाठ मोकळी होते, मग बरगड्या आणि शेवटी मांड्या व पोटाकडचा भाग. खानदेशात फेब्रुवारीच्या मध्यापासून खरारा केला की ब्रशभर केस निघतात आणि होळीच्या सुमारास धडधाकट गाय बरीचशी मोकळी झालेली असते. पोषण तोकडे असेल, अंगात जंत असतील किंवा नुकतेच मोठे आजारपण येऊन गेले असेल, तर हे काम मागे पडते.

म्हणून एप्रिलच्या अखेरीस मानेवरचेसुद्धा केस हलले नसतील, तर त्याला ‘उशीर’ म्हणून चालणार नाही. त्या गायीत इशारा तरी पोचत नाही किंवा केसांची मुळे तो ऐकत नाहीत.

तपासणी

पहिली चाचणी हाताची. बरगडीवरचे चिमूटभर केस धरून हलके ओढावे. केस गाळणाऱ्या गायीचे ते सहज हातात येतात. हिचे आले नाहीत. त्वचा नरम, बिनखपलीची, घट्टे नाहीत, खाज नाही. खरजेत त्वचा जाड होऊन सुरकुतते आणि गाय खांबाला अंग घासते. गजकर्णात गोल, राखाडी खपल्यांचे चट्टे पडतात. दोन्हींत केस जातात आणि इथे ते जात नाहीत, ही तक्रार आहे. तरी त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. खरजेचे सूक्ष्म किडे नव्हते, बुरशी नव्हती.

लम्पीची शंका मालकाला होती. २०२२ च्या ऑगस्टमध्ये राज्यातला त्या साथीचा पहिला उद्रेक याच जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यात नोंदला गेला, तेव्हापासून कातडीचे काहीही झाले की आधी लम्पीच आठवतो. पण लम्पी गाठींचे गोल व्रण मागे ठेवतो. ते हिच्या अंगावर नव्हते.

निदान वळले ते तापमानाने. दोन्ही गायींचे गुदद्वाराचे तापमान आणि मिनिटाचे श्वास एकाच दिवशी दोन वेळा मोजले. पहाटे सहाला हिचे तापमान ३८.६ अंश सेल्सिअस आणि श्वास ४२, शेजारणीचे ३८.५ आणि ३४. दुपारी अडीचला हिचे ४१.० आणि १२४, तोंड उघडे, जीभ बाहेर, लाळेची तार. त्याच पत्र्याखाली, त्याच गव्हाणीवर शेजारीण ३९.४ आणि ७२ वर होती.

दुपारच्या ४१ वर थांबले की ‘ताप’ असे निदान होते आणि प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले जाते. ही चूक इतकी सर्रास होते की मुद्दाम सांगावे लागते : अशा गायीला दुपारी तपासले असेल, तर पहाटे पुन्हा तपासल्याशिवाय तापाचे औषध देऊ नये. थायलेरियासारख्या गोचीडजन्य आजारातला ताप पहाटेही पूर्ण उतरलेला नसतो, खांद्यापुढच्या गाठी सुजलेल्या असतात आणि गाय चारा सोडते. हिचा पहाटेचा आकडा निर्दोष होता. ही उष्णता रोगाने आत पेटवलेली नव्हती. बाहेरून आलेली आणि अंगात तयार झालेली उष्णता बाहेर टाकता येत नव्हती. रक्ताच्या काचपट्टीत थायलेरिया, बबेसिया, ॲनाप्लाझ्मा या गोचिडांतून येणाऱ्या जंतूंपैकी काही आढळले नाही. हिमोग्लोबिन ७.८ ग्रॅम प्रति डेसिलिटर होते, म्हणजे थोडे कमी. शेणात जंतांची अंडी तुरळक, पट्टकृमी आणि यकृतकृमी नाहीत.

तांब्याच्या कमतरतेचा विचार इथे करावाच लागतो. काळ्या केसाला रंग देणाऱ्या विकराला (एन्झाइमला) तांबे लागते. ते कमी पडले की काळा केस तांबूस होतो आणि डोळ्यांभोवती चष्म्यासारखे फिके कडे दिसते. हिच्या पाठीचा रंग उतरला होता, पण डोळ्यांभोवतीचा आणि पोटाखालचा काळा शाबूत होता. लांब, जुना केस महिनोन्महिने उन्हात राहिला की वरून भाजून तांबूस होतोच. शिवाय त्याच चाऱ्यावरची दुसरी गाय काळीभोर होती. अंदाजाने तांब्याचे इंजेक्शन देऊ नये. जास्तीचे तांबे यकृतात साठते आणि विषबाधा करते.

मग खूर पाहिले. चारही खुरांच्या भिंतीवर एक आडवी खाच होती, केसांच्या कडेपासून सुमारे २३ मिलिमीटर खाली. गायीचे खूर महिन्याला साधारण ५ मिलिमीटर वाढते. म्हणजे खुराच्या मुळाशी मोठा आघात झाला तो साडेचार महिन्यांपूर्वी, डिसेंबरच्या सुरुवातीला. एकाच पायाला खाच असती तर मार किंवा स्थानिक जखम म्हणता आले असते. चारही पायांना एकाच उंचीवर आहे म्हणजे त्या वेळी सगळे शरीर आजारी होते. विचारल्यावर मालकाला आठवले : डिसेंबरात गल्लीत लाळ खुरकूत आली होती, ही गाय चार दिवस लाळ गाळत होती, लंगडत होती, मग ‘बरी झाली’. जिभेच्या कडेला अजून दोन गुळगुळीत चट्टे होते. शेजारीण तेव्हा आजारी पडली नव्हती, कारण तिला लस दिली होती. हिची फेरी आली तेव्हा ही गाभण होती म्हणून टाळली आणि व्याल्यावर द्यायची राहून गेली.

खात्रीसाठी रक्तद्रवाची ३एबीसी प्रतिपिंड चाचणी आहे. शुद्ध केलेल्या लसीत विषाणूच्या कवचाची प्रथिने असतात. ३एबीसी हे प्रथिन विषाणू शरीरात वाढतानाच तयार होते. त्यामुळे ही चाचणी लसीचा आणि खऱ्या संसर्गाचा फरक सांगते आणि संसर्गानंतर बरेच महिने होकारार्थी राहते. नमुना तालुक्याच्या दवाखान्यामार्फत पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतो. उपचार मात्र निकालासाठी थांबवू नयेत. निकालाने आजचे काम बदलत नाही.

निदान ठरले : लाळ खुरकुतीनंतरची उष्णता-असहिष्णुता. केस न गळणे, धाप, दूध घटणे, थोडा रक्तक्षय आणि वारंवार उलटणे (रेतन करूनही गाभण न राहणे) ही सगळी एकाच दुखण्याची अंगे आहेत. विषाणूने अंतःस्रावी ग्रंथींना केलेली इजा याच्या मुळाशी असावी, असे मानले जाते.

लांब केस आणि धाप एकमेकांना कसे वाढवतात

आखूड केसांत घाम त्वचेलगत उडतो आणि त्वचा थंड होते. लांब, दाट केसांत तो वर शोषला जातो आणि केसांच्या टोकाशी उडतो. थंड होतात केस, त्वचा नाही. वारा त्वचेपर्यंत पोचत नाही. मग गायीकडे श्वास हा एकच मार्ग उरतो. जोरजोरात श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो आणि गळणाऱ्या लाळेबरोबर रुमेनला, म्हणजे रवंथाच्या मोठ्या पोटाला, लागणारे बायकार्बोनेट जाते. रवंथ कमी होतो, दूध आणि फॅट दोन्ही उतरतात. जे थोडेफार खाल्ले जाते त्यातली ऊर्जा धापण्यातच खर्च होते.

केस उतरवणे

ग्रंथी दुरुस्त करणारे औषध नाही. केस मात्र हाताने कमी करता येतात आणि या प्रकरणात सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडतो.

आदल्या दिवशी गाय धुऊन पूर्ण वाळवावी. केसांतली माती मशीनचे पाते तासाभरात बोथट करते आणि जळके तेल राहिले असेल तर पाते अडकते. तेल काढायला सौम्य साबण दोनदा लागतो. कापणी पहाटे सुरू करून नऊच्या आत थांबवावी. एका दिवशी एक बाजू, दुसऱ्या दिवशी दुसरी. एकाच दमात पूर्ण गाय करायला गेले की ती बांधलेल्या जागीच तापते. जनावरांचे विजेवरचे किंवा बॅटरीचे मशीन घ्यावे. माणसाचे केस कापायचे मशीन या केसांत गरम होऊन बंद पडते. मानेपासून मागे, केसांच्या विरुद्ध दिशेने चालवावे. मान, खांदे, पाठ, बरगड्या, मांड्यांचा वरचा भाग घ्यावा. शेपटीचा गोंडा, कानांतले केस आणि कपाळाचा झुपका ठेवावा, माश्यांसाठी ते लागतात.

अंगावर ५ ते १० मिलिमीटर केस राहिलेच पाहिजेत. वस्तरा फिरवून कातडी उघडी केली की होल्स्टीनच्या पांढऱ्या भागावरची गुलाबी त्वचा खानदेशच्या उन्हात दोन दिवसांत भाजते आणि फोड येतात. दर पाच-सात मिनिटांनी पाते स्वतःच्या मनगटाला लावून पाहावे, चटका बसला तर थांबावे, तेल द्यावे. पुढचा आठवडा दिवसभर सावली. हे केस पुन्हा वाढतात, कारण मूळ बिघाड तसाच असतो. जूनच्या मध्यावर पुन्हा पाहावे लागते.

पाणी, वारा, गोठा

खानदेशचा मे महिना कोरडा असतो. हवा कोरडी म्हणजे पाणी झपाट्याने उडते, त्यामुळे इथे ओले करून वारा देण्याचा गुण चांगला येतो. पाइपाने मोठ्या थेंबांचे पाणी पाठीवर आणि बरगड्यांवर एक-दोन मिनिटे, त्वचा भिजेपर्यंत द्यावे, मग दहा-पंधरा मिनिटे पंखा. अकरा ते पाच या वेळात हे चक्र चालवावे. बारीक फवाऱ्याचा मोह टाळावा. त्याचे थेंब केसांच्या टोकांवर बसून राहतात, त्वचा कोरडीच राहते आणि दमट थर उलट उष्णता कोंडतो. पंखा नसेल तर नुसते पाणी मारून बंद कोपऱ्यात गाय बांधू नये. कासेवर पाणी ओघळून दूध काढायच्या वेळी थेंब सडांवर येत असतील तर कासदाह ठरलेला, म्हणून धारेआधी अर्धा तास पाणी बंद आणि कास कोरडी पुसलेली हवी. पाऊस सुरू झाल्यावर हवेत दमटपणा येतो. तेव्हा पाणी कमी आणि पंखा जास्त.

पिण्याचे पाणी दिवसाला १०० लिटरच्या वर लागते आणि ते रात्रीही समोर असावे. जमिनीवरून आलेल्या काळ्या पाइपातले दुपारचे पाणी हाताला सोसत नाही इतके तापलेले असते. आधीचे पाणी झाडांना सोडून मग हौद भरावा. हौद सावलीत, भोवती ओले गोणपाट.

पत्र्याला वरून चुन्याचे दोन दाट हात द्यावेत. कपाशीच्या पऱ्हाट्या किंवा केळीची वाळलेली पाने पत्र्यावर अंथरण्याची रीत चांगला गारवा देते, पण खाली पंख्याची उघडी वायर असेल तर ती आगीला आमंत्रण आहे. वायर नळीत घेतल्याशिवाय अंथरू नये. पश्चिमेला हिरवी जाळी, छतापासून हातभर खाली, म्हणजे वरची गरम हवा निघून जाते.

चारा

दोन तृतीयांश चारा सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात. कडबा पचताना उष्णता जास्त तयार होते, म्हणून तो रात्री आणि कुट्टी करून द्यावा. दुपारी थोडा हिरवा मका पुरे. ढेप आणि खुराक तीन हप्त्यांत. रोज मीठ ४० ग्रॅम, खनिज मिश्रण ५० ग्रॅम आणि खाण्याचा सोडा १०० ग्रॅम, दोन वेळा विभागून खुराकात. कॉर्टिसोनची इंजेक्शने, थायरॉइडची औषधे, ‘उष्णता उतरवणारी’ पुड्यांतली मिश्रणे यांवर पैसे घालवू नयेत. आयव्हरमेक्टिन तर दुभत्या गायीला देऊच नये, ते दुधात उतरते.

पुढे काय झाले, काय होणार नाही

कापणीनंतर दहा दिवसांनी, साधारण तशाच उन्हात, दुपारचे तापमान ३९.८ आणि श्वास ८४. दूध तीन आठवड्यांत ८ लिटर. शेजारणीएवढी ती झाली नाही आणि त्याची अपेक्षाही ठेवू नये. जुलैत केस पुन्हा बोटभर वाढले होते, ते दुसऱ्यांदा उतरवले. काही जनावरे एक-दोन वर्षांत सुधारतात, काही आयुष्यभर अशीच राहतात.

रेतन उन्हाळ्यात करून फळत नाही. गाय ४० अंशांवर तापली की पहिल्या आठवड्यातला गर्भ टिकत नाही. हिची दोन रेतने मार्च-एप्रिलमध्ये वाया गेली होती. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ राखून ठेवावा आणि तोवर उलटली म्हणून गर्भाशयाची औषधे सुरू करू नयेत.

हेच दुखणे बैलाला असेल तर गोष्ट जास्त जपण्याची आहे. मेमधल्या वखराच्या पाळ्या त्याला झेपत नाहीत, तो औतातच कोसळतो. काम पहाटे चार ते आठ एवढेच, आणि जोडीतला दुसरा बैल चालतो म्हणून याला मारून चालवू नये. विकत घेणाऱ्याची फसगत हिवाळी बाजारात होते, कारण तेव्हा सगळीच जनावरे केसाळ दिसतात. चारही खुरांवर एकाच उंचीची खाच आहे का पाहावे, जिभेच्या कडा पाहाव्यात, कानातल्या बिल्ल्याच्या क्रमांकावरून लसीची नोंद दवाखान्यात विचारावी. खाच नाही म्हणजे आजार नव्हता असे मात्र नाही. खुराची पुढची भिंत सुमारे साडेसात सेंटिमीटर असते, त्यामुळे सव्वा वर्षात ती खाच झिजून जाते.

या गोठ्यात तातडीचे काम वासराचे होते. सप्टेंबरातले वासरू डिसेंबरात तीन महिन्यांचे, लसीविना होते. त्याला आजार दिसला नाही. लाळ खुरकुतीची लस चार महिने पूर्ण झाल्यावर, महिन्याभराने वर्धक मात्रा आणि मग दर सहा महिन्यांनी. २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ही लस मोफत मिळते आणि तिच्यात ओ, ए आणि एशिया-१ हे तिन्ही प्रकार असतात. लसीची कुपी २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. उन्हाळ्यात बर्फाविना पिशवीतून आणलेली लस टोचली तर नोंदवहीत नाव चढते, संरक्षण मिळत नाही. लसीनंतर एक-दोन दिवस दूध थोडे उतरते. त्या भीतीने टाळणाऱ्यांनी या गायीचे १२ वरून ६ लिटर झालेले दूध आठवावे. ही गाय एकदा आजारातून उठली असली तरी तिलाही लस द्यायचीच, कारण एका प्रकाराची प्रतिकारशक्ती दुसऱ्या प्रकाराला अडवत नाही. तिची पुढची मात्रा पहाटेच्या वेळी, केस उतरवून झाल्यावर आणि पुन्हा गाभण राहण्याआधी ठरवली आहे.